उष्णता आधी, वीज नंतर : नागपुरात छोटा गॅस सहवीज प्लांट कसा चालतो, कसा चालवावा

बुटीबोरीतल्या आमच्या खाद्यपदार्थांच्या कारखान्यात एक मेगावॉटचं गॅस इंजिन बसवायचं घाटत होतं, तेव्हा पहिल्या बैठकीत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता : युनिट कितीला पडेल? प्रश्न रास्त होता, पण अर्धा होता. इंजिनात जळणाऱ्या गॅसमधली साधारण ४० टक्के ऊर्जा वीज होऊन बाहेर येते आणि जवळपास तेवढीच उष्णता म्हणून पकडता येते. ती उष्णता कुठे लागणार, किती तापमानाला लागणार आणि चोवीस तासांतले किती तास लागणार, हे आधी सांगता आलं तरच युनिटचा भाव सांगता येतो. त्यामुळे या लेखात मी विजेपेक्षा गरम पाणी आणि वाफ यांच्याबद्दल जास्त बोलणार आहे.

महाराष्ट्रात सहवीजनिर्मिती, म्हणजे एकाच जळणातून वीज आणि उष्णता काढणं, म्हटलं की साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो : बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, बॉयलर, वाफेवर टर्बाइन, उरलेली वाफ रस आटवायला. छोट्या गॅस प्लांटची रचना वेगळी आहे. इथे आधी इंजिन चालतं आणि त्याच्या धुरावर बॉयलर. इंजिन म्हणजे ट्रकच्या इंजिनाचाच मोठा भाऊ : बारा, सोळा किंवा वीस सिलिंडर, डिझेलच्या जागी गॅस, त्यामुळे प्रत्येक सिलिंडरला स्पार्क प्लग. फेरे मिनिटाला १,५००, कारण चार पोलच्या अल्टरनेटरमधून ५० हर्ट्झ काढायचे तर तेवढेच लागतात.

नागपूरकरांना मोठं वीज केंद्र नवं नाही. कोराडीला ६६० मेगावॉटचे तीन सुपरक्रिटिकल संच उभे आहेत. त्यांतही कोळशातली निम्म्याहून जास्त ऊर्जा धुराड्यातून आणि कूलिंग टॉवरमधून हवेत जाते, कारण एवढी उष्णता घ्यायला शेजारी कुणी नसतं. छोट्या प्लांटचा फायदा नेमका इथे आहे. तो उष्णतेच्या गिऱ्हाइकाला खेटून बसतो. गिऱ्हाईक नसेल तर तो फक्त महागडा जनरेटर.

आधी कागदावरचा हिशेब

एक मेगावॉटचं इंजिन घेऊ. वीज १,००० किलोवॉट, कार्यक्षमता ४० टक्के, म्हणजे गॅसमधून २,५०० किलोवॉट ऊर्जा आत गेली पाहिजे. एका किलोवॉट-तासाला ८६० किलोकॅलरी, म्हणजे तासाला साडेएकवीस लाख किलोकॅलरी. नैसर्गिक वायूचा निव्वळ उष्मांक घनमीटरला ८,५०० किलोकॅलरी धरला तर तासाला सुमारे २५३ घनमीटर गॅस लागतो. लक्षात ठेवायचा आकडा एकच : युनिटमागे पाव घनमीटर.

इथे एक खाचखळगा आहे. इंजिनवाल्यांचे कागद निव्वळ उष्मांकावर (धुरातल्या पाण्याच्या वाफेतली उष्णता न धरता) असतात आणि गॅसची खरेदी बहुधा एकूण उष्मांकावर (ती धरून). दोघांत साधारण दहा टक्क्यांचा फरक पडतो. गॅसचा करार घनमीटरवर आहे की ब्रिटिश थर्मल युनिटवर, आणि कोणत्या उष्मांकावर, हे वाचल्याशिवाय कुणाचंही कोष्टक स्वीकारू नका. दहा टक्के म्हणजे या धंद्यातला अख्खा नफा.

आता उष्णता. ती दोन वाटांनी येते आणि दोघींचा स्वभाव वेगळा आहे.

पहिली वाट धुराची. इंजिनातून धूर ४०० अंशांच्या पुढेच निघतो. तो वेस्ट हीट बॉयलरमधून १७० अंशांपर्यंत उतरवला तर एक मेगावॉटच्या इंजिनावर आठ बार दाबाची वाफ तासाला साडेसहाशे किलोच्या आसपास मिळते. तळणीचं तेल तापवणं, शिजवणं, स्टीम जॅकेटची भांडी, यांना हीच वाफ उपयोगी.

दुसरी वाट जॅकेट वॉटरची, म्हणजे सिलिंडरभोवती फिरणाऱ्या पाण्याची. त्यात वंगण तेलाची आणि इंटरकूलरच्या (सिलिंडरमध्ये जाणारं मिश्रण थंड करणाऱ्या भागाच्या) पहिल्या टप्प्याची उष्णताही मिळते. हे पाणी ९० अंशांवर निघतं आणि सुमारे ५०० किलोवॉट घेऊन येतं. यातून वाफ होत नाही. भांडी धुण्याचं, सीआयपीचं (यंत्रं न उघडता आतून धुण्याचं) गरम पाणी, बॉयलरच्या फीड वॉटरला आधीच तापवणं किंवा व्हेपर अॅब्सॉर्प्शन चिलर, म्हणजे उष्णतेवर चालणारं थंडीचं यंत्र, हे त्याचे उपयोग. गरम पाण्यावरच्या चिलरचा गुणांक, म्हणजे दिलेल्या उष्णतेमागे मिळणारी थंडी, ०.७ धरला तर ५०० किलोवॉटमधून ३५० किलोवॉट थंडी, म्हणजे १०० टन. मार्च ते जून नागपुरात १०० टन थंडीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. अडचण डिसेंबरची आहे. तेव्हा चिलर झोपतो आणि गरम पाणी कूलरमधून फुकट जातं. म्हणून वर्षाचा हिशेब महिन्यामहिन्याने मांडा, सरासरी काढून नाही.

गॅसचा भाव समजा घनमीटरला ५० रुपये आहे. हा आकडा फक्त पद्धत दाखवायला घेतला आहे, तुमचा करारातला भाव घाला. उष्णता वाया घालवली तर नुसत्या गॅसचेच युनिटमागे साडेबारा रुपये. आता साडेसहाशे किलो वाफ गॅस बॉयलरवर काढायला तासाला ५० घनमीटर लागले असते, ते वाचले. १०० टन थंडी विजेच्या चिलरवर काढायला ७० युनिटं लागली असती, तीही वाचली. प्लांटच्या स्वतःच्या पंप-पंख्यांना ४० युनिटं गेली. निव्वळ २०३ घनमीटरमागे १,०३० युनिटांचं काम झालं, म्हणजे युनिटला दहा रुपयांच्या थोडं आत. त्यात देखभालीचा खर्च, कर्जाचा हप्ता आणि स्वतःच्या विजेवरचं विद्युत शुल्क मिळवा आणि महावितरणच्या बिलाशेजारी ठेवा.

विदर्भात या हिशेबाला आणखी एक फाटा फुटतो, आणि तो लपवून चालणार नाही. इथले बरेच कारखाने वाफेसाठी कोळसा किंवा सोयाबीनच्या कुटाराच्या, तुऱ्हाट्यांच्या, पऱ्हाट्यांच्या ब्रिकेट जाळतात. ती वाफ गॅसच्या वाफेपेक्षा बरीच स्वस्त पडते. तुमचा बॉयलर ब्रिकेटवर असेल तर वाफेची बचत ५० घनमीटर गॅसच्या भावाने धरू नका, ब्रिकेटच्या भावाने धरा. तसं केल्यावर अनेक प्रकल्प कागदावरच थांबतात आणि ते तिथेच थांबलेले बरे. जे टिकतात त्यांना बहुधा वाफेबरोबर थंडीही लागते आणि कामही तीन पाळ्यांचं असतं : डेअरी, खाद्यप्रक्रिया, औषधनिर्मिती, मोठं रुग्णालय.

इंजिनाचा आकार ठरवताना वर्षभर कायम लागणारी उष्णता पाहा, विजेची कमाल मागणी नाही. मोठं इंजिन घेऊन निम्म्या लोडवर रखडत चालवण्यापेक्षा लहान इंजिन पूर्ण लोडवर वर्षाला सहा-सात हजार तास चालवणं केव्हाही चांगलं. ५० टक्क्यांखाली लोड गेला की कार्यक्षमता पडते, ज्वलनकक्षात तेल जास्त जळतं आणि प्लगवर राख बसते.

गॅस येतो कुठून

नागपूर समुद्रापासून लांब. दहेज-हजिऱ्यासारख्या किनाऱ्यावरच्या टर्मिनलवर उतरलेला एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू, टँकरने रस्त्याने आणायचा, ही या भागातली रुळलेली वाट. गेलची मुंबई-नागपूर-झारसुगुडा वाहिनी हा इथला मोठा बदल. पण तुमच्या फाटकापर्यंत नळ केव्हा येईल, हे शहर गॅस वितरकाकडून लेखी घ्या, तोंडी नको.

टँकरचा गॅस घेत असाल तर आवारात टँक, व्हेपोरायझर आणि दाब कमी करायचं स्किड लागतं. एलएनजी उणे १६२ अंशांवर द्रवरूप असतो आणि एका घनमीटर द्रवाचा सुमारे ६०० घनमीटर वायू होतो. ५० घनमीटरचा टँक ९० टक्के भरला तर सत्तावीस हजार घनमीटर गॅस, म्हणजे आपल्या इंजिनाची पूर्ण लोडवर चार दिवसांची शिदोरी. टँकर वाटेत दोन दिवस अडकला तर काय, याचं उत्तर याच आकड्यात आहे.

व्हेपोरायझर म्हणजे अॅल्युमिनियमच्या पंखांच्या उभ्या नळ्या. हवेच्या उष्णतेवर त्या द्रवाचा वायू करतात. नागपूरच्या मे महिन्यात त्यांना काहीच कमी पडत नाही. पावसाळ्यात मात्र दमट हवेमुळे त्यांच्यावर पांढऱ्या बर्फाचा जाड थर चढतो. म्हणून दोन संच हवेत : एक चालू, एक बर्फ वितळत. टँक बरेच दिवस न वापरता पडून राहिला तर मिथेन आधी उडून जातो आणि इथेन-प्रोपेनचं प्रमाण वाढतं. असा गॅस इंजिनाला जड जातो, तो अवेळी पेटून ठोके पडू लागतात, नॉक सेन्सर प्रज्वलनाची वेळ मागे घेतो आणि ताकद कमी होते. 'गॅस तोच, मशीन तीच, मग लोड का घेत नाही?' असा प्रश्न पडला तर आधी टँक कधी भरला होता ते पाहा.

सुरक्षेची एक बाब सगळ्यांनी पाठ करावी. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असेल तर पेट घेतो. तो हवेहून हलका, म्हणून इंजिनघरात डिटेक्टर छताजवळ लावतात. पण एलएनजीची थंडगार वाफ सुरुवातीला हवेहून जड असते आणि जमिनीलगत सरकते, म्हणून टँकजवळचे डिटेक्टर खाली हवेत. त्यात एलएनजीला वास नसतो. नाकावर भरवसा ठेवायचा नाही.

परवानग्यांचं थोडक्यात सांगतो. एलएनजीच्या टँकसाठी २०१६ च्या दाबपात्रांच्या नियमांखाली पेसोची, म्हणजे स्फोटक आणि ज्वलनशील पदार्थांच्या सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेची, मंजुरी लागते. या संस्थेचं देशाचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सला आहे, त्याचा फायदा घ्या आणि आराखडा पक्का होण्याआधीच जाऊन विचारा. वेस्ट हीट बॉयलर बॉयलर कायद्याखाली येतो, 'धुरावर चालतो, जळण नाही' म्हणून सुटत नाही. विद्युत निरीक्षक, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि ग्रिडला समांतर चालवायची महावितरणची परवानगी, हे बाकीचे दरवाजे. आणि नैसर्गिक वायू जीएसटीत नाही. राज्याचा व्हॅट १ एप्रिल २०२२ पासून साडेतेरावरून ३ टक्क्यांवर आला, पण त्याची वजावट तुमच्या जीएसटीत मिळत नाही. हे हिशेबनिसाला आधीच सांगून ठेवा.

इंजिन सुरू करताना

बटण दाबलं की कंट्रोलर सगळं स्वतः करतो, हे खरं आहे. तरी बटणाआधीची दहा मिनिटं माणसाची असतात.

आमच्याकडे पहिल्या पाळीचा ऑपरेटर हातात टॉर्च आणि कापसाचं फडकं घेऊन इंजिनाभोवती एक फेरी मारतो. तेलाची पातळी काचेत पाहतो. जॅकेट वॉटरचा दाब पाहतो आणि पाइपला हात लावतो, कारण प्रीहीटर चालू असेल तर पाणी ६० अंशांच्या आसपास गरम असायला हवं. थंड ब्लॉकवर इंजिन मारलं तर लायनरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या अस्तराची, झीज एका सुरुवातीतच बरीच होते. स्टार्टरची बॅटरी २४ व्होल्टची असते, चार्जरवर ती २७ च्या जवळ दिसली पाहिजे. मग कूलिंग टॉवरच्या हौदातलं पाणी, बॉयलरच्या गेज ग्लासातली पातळी, गॅस डिटेक्टरचे आकडे शून्यावर आहेत का. शेवटी जमीन. इंजिनाखालची फरशी आम्ही मुद्दाम फिकट रंगाची ठेवली आहे. तेलाचा एक थेंबसुद्धा तिथे ओरडून सांगतो.

पुढचा क्रम असा. जॅकेट वॉटरचे आणि इंटरकूलरचे पंप सुरू होतात, पाठोपाठ इंजिनघराचे पंखे. प्रीलूब पंप बेअरिंगांना तेल पोचवतो. गॅस ट्रेनवर, म्हणजे इंजिनाला गॅस आणणाऱ्या नळीवर, दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह एकापाठोपाठ एक बसवलेले असतात आणि त्यांच्यामधल्या जागेतला दाब तपासून दोन्ही घट्ट मिटतात का हे आपोआप पाहिलं जातं. ही चाचणी नापास झाली तर बायपास करून इंजिन चालू करायचं नाही, कितीही उत्पादन अडलेलं असो. मग स्टार्टर इंजिन फिरवतो, पण ठिणगी आणि गॅस दोन्ही बंद ठेवून. काही सेकंद नुसतं फिरवून धुराच्या वाटेत साचलेला गॅस बाहेर काढायचा. धुराच्या नळीत स्फोट होतात ते इथेच घाई केल्याने. त्यानंतर ठिणगी, मग गॅस, आणि इंजिन १,५०० फेऱ्यांवर चढतं.

आता सिंक, म्हणजे इंजिन ग्रिडशी जुळवून जोडणं. चार गोष्टी जुळायला हव्यात : फेजचा क्रम, व्होल्टेज, वारंवारता आणि फेजचा कोन. क्रम एकदा जोडणीच्या वेळी तपासला की झालं, बाकी तीन रोजच्या. इंजिनाची वारंवारता ग्रिडपेक्षा किंचित जास्त ठेवतात. सिंक्रोस्कोपचा काटा घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरतो आणि बाराच्या जरा आधी ब्रेकर मिटायचा हुकूम जातो, कारण ब्रेकर मिटायलाही काही मिलिसेकंद लागतात. किंचित जास्त ठेवायचं कारण हे की जोडल्या क्षणी वीज बाहेर जावी, उलटी अल्टरनेटरमध्ये येऊ नये. उलटी आली तर रिव्हर्स पॉवर रिले ट्रिप देणारच.

जोडल्यावर लोड हळूहळू चढवा, पाच-सात मिनिटांत पूर्ण. बॉयलरकडे धूर वळवणारा डायव्हर्टर त्याहूनही सावकाश उघडा. थंड नळ्यांवर ४०० अंशांचा धूर एकदम सोडला तर नळ्या जिथे प्लेटला जोडल्या आहेत तिथे गळती सुरू होते. ती दुरुस्त करायला बॉयलर निरीक्षकाची मंजुरी घ्यावी लागते आणि ते दिवस वाफेशिवाय जातात.

गरम पाण्याचं वर्तुळ

इंजिनाला पाणी ९० वर बाहेर सोडायला आवडतं आणि ७५-७८ च्या आसपास परत घ्यायला. चिलरने जास्त उष्णता ओढली आणि पाणी फार थंड परतलं तर तीनमार्गी व्हॉल्व्ह थोडं गरम पाणी वळवून त्यात मिसळतो. चिलरने कमी ओढलं तर उरलेली उष्णता डंप कूलरने हवेत टाकायची. हा डंप कूलर उष्णतेच्या शंभर टक्के क्षमतेचा घ्या. 'चिलर चालूच असणार, मग एवढा मोठा कशाला?' असं म्हणून निम्म्या क्षमतेचा घेतला की ज्या दिवशी चिलर ट्रिप होतो त्या दिवशी पाच मिनिटांत इंजिनही ट्रिप होतं. आमच्याकडे हे पहिल्या वर्षी झालं. खर्च वाचवायचा निर्णय आमचाच होता आणि त्याची किंमत एका उन्हाळ्यात तिप्पट मोजली.

नागपूरचं बोअरचं पाणी जड आहे. बंद वर्तुळात ते कधीच घालू नका, डीएम (क्षार काढलेलं) किंवा आरओचं पाणी आणि त्यात गंजरोधक द्रावण. कूलिंग टॉवरच्या बाजूला जड पाणी टाळता येत नाही, तिथे प्लेट हीट एक्स्चेंजर बळी पडतो. एकदा जॅकेट वॉटरचं तापमान दर आठवड्याला एकेक अंशाने चढताना दिसलं. पंप ठीक, व्हॉल्व्ह ठीक. प्लेटा उघडल्या तर राखाडी क्षाराचा पापुद्रा, नखाने खरवडला तर अंड्याच्या कवचासारखा तुटायचा. तेव्हापासून प्लेटांच्या दोन्ही बाजूंच्या तापमानांतलं अंतर आम्ही लॉगबुकात वेगळ्या रकान्यात लिहितो. ते अंतर वाढू लागलं की साफसफाईची तारीख ठरवतो, अलार्मची वाट पाहत नाही.

नागपूरचा उन्हाळा

हा भाग इथल्यांसाठी. बाहेरच्या पुस्तिकांत तो सापडत नाही.

मे महिन्यात दुपारी पारा ४५ वर आणि आर्द्रता १५ टक्क्यांवर असते. म्हणजे ओल्या फडक्याचं तापमान, पाणी उडवून गाठता येणारी थंडीची हद्द, २३-२४ अंशांवरच. याचा अर्थ पाणी उडवून थंड करणारा कूलिंग टॉवर नागपुरात मे महिन्यात उत्तम चालतो, तर कोरडा रेडिएटर हात टेकतो, कारण तो हवेच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही. पुरवठादार पाणी वाचवायचं म्हणून रेडिएटर सुचवतील. ९० अंशांच्या पाण्यासाठी तो चालेल. पण इंटरकूलरच्या दुसऱ्या टप्प्याला ४० अंशांच्या आसपासचं पाणी लागतं, ते ४५ अंशांच्या हवेत रेडिएटर देणार कसं? तिथे कूलिंग टॉवरच घ्या. ते पाणी गरम झालं की सिलिंडरमध्ये जाणारं मिश्रण गरम होतं, ठोके पडतात आणि कंट्रोलर लोड कापतो.

जुलै-ऑगस्टमध्ये सगळं उलटं. हवा ३० अंशांची असूनही ओलं तापमान २६ च्या वर जातं आणि कूलिंग टॉवर मे महिन्यापेक्षा वाईट चालतो. म्हणून टॉवरची निवड पावसाळ्याच्या ओल्या तापमानावर करा, उन्हाळ्याच्या पाऱ्यावर नाही.

इंजिनघराची हवा हा दुसरा प्रश्न. इंजिनाच्या आणि अल्टरनेटरच्या अंगातून शंभरेक किलोवॉट उष्णता खोलीत सुटते. बाहेर ४५ असताना आत ५५ सहज होतात, आणि अल्टरनेटर तर ४० अंश धरून बनवलेला असतो. आम्ही हवा आत घेण्याच्या भिंतीवर सेल्युलोजच्या जाळ्या लावून पाणी सोडलं. घरोघरच्या कूलरचंच हे मोठं रूप. खोलीत येणारी हवा ४५ वरून ३० च्या घरात आली आणि दुपारी कापला जाणारा लोड परत मिळाला. पावसाळ्यात पाणी बंद करायचं, नाहीतर पॅनेलमध्ये ओल धरते. जाळ्यांमागे एअर फिल्टर स्वतंत्र हवाच. एप्रिल-मेमधल्या वावटळींची धूळ बारीक असते आणि तेलाच्या नमुन्यात सिलिकॉन म्हणून दिसते.

ग्रिडशी संसार

महावितरणच्या लाइनला समांतर चालताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

एक म्हणजे थोडी आयात कायम ठेवणं. ग्रिडकडून किमान ५० ते १०० किलोवॉट येत राहतील असा लोड कंट्रोलरला द्या. कारखान्यातलं मोठं यंत्र अचानक बंद पडलं तरी वीज बाहेर ढकलली जाऊन रिले पडणार नाही.

दुसरी पॉवर फॅक्टरची, आणि ही हमखास चुकते. इंजिन किलोवॉट पुरवतं, त्यामुळे ग्रिडकडून येणारे किलोवॉट घटतात. पण मोटारींना चुंबकत्वासाठी लागणारे केव्हीएआर, म्हणजे प्रत्यक्ष काम न करणारी वीज, अजून ग्रिडकडूनच येत राहिले तर मीटरवरचा पॉवर फॅक्टर कोसळतो. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे दोन्ही मिळून, होतं, त्यामुळे किलोवॉट-तास कमी होऊनही बिल अपेक्षेइतकं उतरत नाही. अल्टरनेटरला ०.९ लॅगिंगवर, म्हणजे केव्हीएआरही पुरवत, चालवा किंवा कपॅसिटर पॅनेल नव्या परिस्थितीसाठी पुन्हा मोजून घ्या.

तिसरी वादळाची. मॉन्सूनपूर्व वादळात ओव्हरहेड लाइनवर वीज पडते, व्होल्टेज क्षणभर डुंबतं आणि वारंवारतेच्या बदलावर लक्ष ठेवणारा रिले ग्रिडचा ब्रेकर उघडतो. त्याने उघडायलाच हवा. आपली वीज बंद लाइनवर गेली तर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवाशी खेळ होतो. प्रश्न पुढचा आहे : त्या क्षणी कारखान्याचा सगळा लोड एकट्या इंजिनावर येतो. आमच्याकडे पहिल्या मे महिन्यात १,६०० किलोवॉटचा लोड १,००० च्या इंजिनावर पडला. फेरे घसरले, इंजिन ट्रिप, सगळीकडे अंधार आणि तळणीतला अख्खा माल टाकावा लागला. लोड शेडिंगचे रिले होते, पण ते पाचशे मिलिसेकंद थांबून काम करत होते आणि इंजिनाला तेवढी उसंत नव्हती. आता ग्रिडचा ब्रेकर उघडल्याची खूण थेट तारेने जाते आणि पॅकिंग, गोदामाचे एसी, दुसरा कॉम्प्रेसर तत्क्षणी सुटतात. उरलेला लोड ७०० च्या आत ठेवला आहे. गॅस इंजिन डिझेलसारखं धक्का सोसत नाही, त्यामुळे ग्रिडपासून तुटून बेटावर असताना मोठी मोटार थेट चालू करू नका. मोटार हळूहळू वेग घेईल असा सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी लावा.

रोजचं लॉगबुक आणि कान

कंट्रोलर शेकडो आकडे देतो. मी पाचांकडेच रोज पाहतो. युनिटमागे गॅस : ०.२५ चा ०.२७ झाला की काहीतरी बिघडलंय. प्रत्येक सिलिंडरच्या धुराचं तापमान : एक जण बाकीच्यांपेक्षा ५० अंशांनी वेगळा दिसला की त्याचा प्लग किंवा व्हॉल्व्ह. बॉयलरनंतरचं धुराचं तापमान : १७० चं १९० झालं की नळ्यांवर थर. क्रँककेसचा दाब : वाढला की रिंगांतून धूर गळतोय. आणि वंगण तेल किती भरावं लागलं.

आमचे सर्वांत जुने फिटर आकड्यांच्या आधी आवाज ऐकतात. एका पहाटे ते म्हणाले, "साहेब, सात नंबर ठसकून राहिला." पडद्यावर सगळं हिरवं होतं. प्लग काढला तर टोकावर पांढुरकी राख आणि फीलर गेज ०.३ च्या जागी ०.५ सहज आत गेला. एवढी फट वाढली की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, कॉइल गरम होते आणि कधीतरी ठिणगी चुकते. जळायचा राहिलेला तो गॅस तसाच धुराच्या नळीत जातो. त्या दिवशी आम्ही सगळेच प्लग बदलले.

प्लगचं आयुष्य दोन हजार तासांच्या आसपास, तेल एक ते दोन हजार तासांनी. पण तारीख पाहून तेल बदलू नका, नमुना प्रयोगशाळेत पाठवून ठरवा. आम्लता, क्षारता, नायट्रेशन आणि धातूंचे कण, हे चार आकडे पुरतात. तेल गॅस इंजिनासाठीचं, कमी राखेचंच हवं. शेजारच्या डिझेल जनरेटरचं पिंप जवळ आहे म्हणून त्यातलं ओतलं तर सिलिंडर हेडवर राखेचे खडे बसतात. सिलिंडर हेडचं मोठं काम साधारण ३० हजार तासांनी आणि संपूर्ण उघडणं ६० हजारांनी. त्याचे पैसे पहिल्या दिवसापासून युनिटमागे बाजूला काढत राहा. पाचव्या वर्षी एकदम उभे करायला गेलात तर व्यवस्थापन इंजिनच बंद ठेवायचा निर्णय घेईल.

बंद करताना

घाईत लाल बटण दाबून इंजिन थांबवायची सवय लागू देऊ नका, ते फक्त आणीबाणीसाठी. आधी डायव्हर्टर फिरवून धूर बॉयलरवरून काढा. मग लोड हळूहळू दहा टक्क्यांपर्यंत उतरवा आणि ब्रेकर उघडा. इंजिन पाचेक मिनिटं बिनलोडचं फिरू द्या. टर्बोचार्जर तापलेला असतो आणि तेल थांबलं तर त्याच्या बेअरिंगमध्येच जळतं. त्यानंतर गॅसचे व्हॉल्व्ह आधी मिटतात, ठिणगी नंतर थांबते, म्हणजे नळीतला उरलेला गॅस जळून जातो. फेरे शून्यावर आले तरी जॅकेट वॉटरचा पंप आणखी पंधरा मिनिटं चालू ठेवा. पाण्याचं तापमान ७० च्या खाली आलं की लॉगबुकात तास, युनिटं आणि गॅस मीटरचा आकडा लिहा, प्रीहीटर चालू झाल्याची खात्री करा आणि कूलिंग टॉवरचा पंखा सगळ्यांत शेवटी बंद करा.